तेरा दिवसांचं लग्न आणि तेरा महिन्यांचा सिंहस्थ

मी बँकेत आहे, त्यामुळे झालेल्या गोष्टीचं नंतर ऑडिट करायची खोड आहे. काय ठरलं होतं, काय झालं, कुठे माती खाल्ली. घरातल्या लग्नाचं असं ऑडिट कुणी करत नाही, अल्बम आला की विषय संपला. पण यंदा नाशकात परत सगळीकडे "सिंहस्थाच्या आत उरका" सुरू झालंय, ३१ ऑक्टोबर २०२६ ला कुंभमेळ्याचं ध्वजारोहण, ते झालं की सिंहस्थ संपेपर्यंत बरेच जण लग्न करत नाहीत, मधे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, मग चातुर्मास, म्हणजे मुहूर्त मोजकेच, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी हॉल, केटरर, गुरुजी एवढंच. हे सगळं ऐकलं की मला आमच्याकडचं २०१५ चं प्रकरण आठवतं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न. ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंत तेरा दिवस. आत्या तर म्हणायची तेरा म्हणू नका गं, बारा म्हणा. पण मोजले तर तेराच होतात.

आधी माणसं सांगते. आम्ही पंचवटीत राहणारे, बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, आई घर आणि भिशी दोन्ही सांभाळणारी. मी मोठी, तेव्हा २९ ची, लग्न व्हायचं होतं. धाकटा २६ चा, अंबडला कंपनीत. आमच्याकडे न बोलता ठरलेला नियम होता की आधी ताईचं मग ह्याचं. माझी स्थळं बघणं चार वर्षं चालू होतं, कांदेपोहे करून करून आईचा हात बसला होता, आणि त्या मे महिन्यात संगमनेरचं एक स्थळ बऱ्यापैकी पुढे गेलं होतं. मुलगा बरा होता. फार काही नाही, पण बरा.

२९ मे, शुक्रवार. रात्री साडेनऊला बाबांच्या प्रेसमधल्या एका मित्राचा फोन. ते कुणाच्या तरी कामाला विवाह नोंदणी कार्यालयात गेले होते आणि तिथल्या बोर्डावर त्यांना आमच्या धाकट्याचं नाव दिसलं, पत्त्यासकट. शेजारी एका मुलीचं नाव, मूळ पत्ता मनमाडचा. बाबांनी फोन ठेवला आणि टीव्ही बंद केला. आमच्याकडे टीव्ही बंद होतो तो फक्त लाईट गेल्यावर, त्यामुळे मी आतून बाहेर आले.

आता इथे थोडं कायद्याचं सांगावं लागेल, कारण त्या रात्री घरात कुणालाच काही माहीत नव्हतं आणि त्यापायी दोन तास नुसता आरडाओरडा झाला. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते कोर्टात होतच नाही, ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यापुढे होतं. दोघांपैकी एक तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहत असला पाहिजे, मग नोटीस द्यायची, ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि तीस दिवस कुणी हरकत घेतली नाही की तीन साक्षीदार घेऊन लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर नोटीस गेली, परत पहिल्यापासून. धाकट्याने नोटीस दिली होती १८ मे ला. म्हणजे १७ जूनच्या पुढे कधीही हे दोघं तीन मित्र घेऊन मोकळे होणार होते. खरं तर दोघं हिंदूच, नुसती जात वेगळी, एखाद्या देवळात विधी करून लग्न लावलं असतं तर ह्या नोटिशीची गरजच नव्हती. पण कुठल्या तरी मित्राने सांगितलं की कोर्ट मॅरेज सगळ्यात सेफ. सेफ कसलं, अख्ख्या गावाला वाचायला बोर्डावर!

बाबा म्हणाले, मी हरकत घेतो. सकाळी ओळखीच्या वकिलांकडे गेले सुद्धा. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की हरकत फक्त कायद्यात दिलेल्या कारणांवर घेता येते, आधीचं लग्न आहे का, वय कमी आहे का, मानसिक स्थिती, जवळचं नातं, असली. मुलगी आमच्या जातीची नाही आणि आम्हाला विचारलं नाही ह्या कारणाला तिथे खणच नाही. बाबा घरी आले ते गप्पच.

हलली ती आई. मला तिचं हे कायम नवल वाटतं, रात्रभर रडलेली बाई सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "रजिस्टर करायच्या आत आपणच करून देऊ. लोकांना बोर्डावरून कळण्यापेक्षा पत्रिकेवरून कळू दे." तिने धाकट्याला मारलं नाही, बोलली पण नाही फार. फक्त विचारलं, तिच्या घरी माहीत आहे का. तिच्या घरीही नव्हतं. मग रविवारी आई-बाबा मनमाडला गेले, आणि तिचे वडील म्हणे पहिली पंधरा मिनिटं पाण्याचा ग्लास नुसता हातात धरून बसले होते, आणि मग एकच अट घातली की खर्च अर्धा-अर्धा करू पण पत्रिका आमच्या नावाने निघाली पाहिजे. बाबांना ते लागलं. आई म्हणाली, निघू दे.

मग प्रश्न आला कारणाचा. लोकांना सांगायचं काय? मोठी बहीण बिनलग्नाची घरात, आणि धाकट्याचं दोन आठवड्यांत, तेही मे महिना संपल्यावर. तेवढ्यात काकूचा फोन आला. काकू म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, तिला कळलं की गावाला कळलं. आई फोनवर क्षणभर गप्प झाली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत म्हणाली, "अहो सिंहस्थ लागतोय ना वहिनी. १४ जुलैला झेंडा लागला की वर्षभर काही करता येत नाही, आणि त्याच्या आधी १७ जूनपासून अधिक आषाढ. मग म्हटलं मुलगी पसंत आहे तर कशाला थांबायचं." पलीकडून काकू लगेच म्हणाली, बरोबरच आहे, आमच्या माहेरी पण पाळतात. बस. एका वाक्यात काम झालं. मला तेव्हा आईचं कौतुकच वाटलं, खोटं बोलावं तर असं, ज्यातली प्रत्येक तारीख खरी आहे.

गुरुजींकडे मात्र गंमत झाली. आई, बाबा आणि मी गेलो होतो. बाबांना ही घाई मुळात पटलेली नव्हती, ते म्हणाले दिवाळीनंतर शांतपणे नाही का करता येणार? गुरुजी सरळ माणूस, त्यांनी चष्मा वर केला आणि समजावून सांगायला लागले. गुरू सिंह राशीत असताना लग्न वर्ज्य धरतात, पण ते सगळीकडे सारखं नाही. शास्त्रात ते बंधन गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या मुलखाला सांगितलंय. "तुम्ही पंचवटीतले, म्हणजे उत्तर तीर. पण हॉल सिडकोत घेतला, नदीच्या त्या अंगाला, तर शास्त्राची तशी अडचण येत नाही." बाबांचा चेहरा उजळला. एक रिक्षा केली की सिंहस्थ संपला! आईने गुरुजींकडे असं काही बघितलं की त्यांनी चष्मा परत खाली घेतला आणि म्हणाले, "अर्थात लोकाचाराप्रमाणे बघितलं तर आधीच उरकलेलं बरं." ११ जून, गुरुवार, गोरज. मुहूर्त निघाला.

गुरुवार म्हणून तर हॉल मिळाला, दिंडोरी रोडवर, आणि तोही कुणाचं तरी लग्न मोडलं होतं म्हणून. ते मोडलेलं लग्न कुणाचं होतं हे मी बरेच दिवस मनात धरून होते, उगाच. त्या दिवसांत शहर पण सगळं खणून ठेवलेलं, कुंभाची कामं, तपोवनात साधुग्राम, घाटाची कामं, रोज एक रस्ता बंद. मेन रोडला बस्त्याला जायचं तर गाडी कुठे लावायची इथून सुरुवात. पैठणी येवल्याची हवी हा आईचा हट्ट, पण हातमागावरची चांगली पैठणी विणायलाच महिना-महिना जातो, ऑर्डर देऊन तेरा दिवसांत ती येणार कुठून, मग आम्ही येवल्याला जाऊन तयार होती त्यातली घेतली. मुलीला पोपटी हवी होती, मिळाली जांभळी. सोनं तेव्हा तोळ्याला २७ हजारांच्या आसपास होतं आणि सराफ बाजारात बसून आई म्हणत होती की फार महाग झालंय. केळवणं तीन दिवसांत सहा झाली, धाकट्याला ॲसिडिटी. जेवण ३२० पानं, पान २१० रुपये, मठ्ठा वेगळा. साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी, सकाळी साखरपुडा, संध्याकाळी लग्न, हे आपल्याकडे नवीन नाही, पण देवक बसवणं, पुण्याहवाचन, सीमांतपूजन सगळं एकाच अंगावर आलं की बाईमाणसांना पाणी प्यायला वेळ मिळत नाही. हळद आदल्या रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमधे, कुणाची तरी बाईक हलवून.

हे सगळं मी बघत होते. म्हणजे करत होते. याद्या माझ्या, पैशाचा हिशोब माझा, गुरुजींचं सामान माझं, वरून चहा. आणि धाकट्याशी मी एक शब्द बोलत नव्हते. मला राग लग्नाचा नव्हता. त्याचं दोन वर्षं चाललेलं आणि मला माहीत नाही, ह्याचा होता. रोज रात्री एका खोलीत कूलरसमोर झोपणारी माणसं आम्ही, लोक मला विचारायचे तुझा भाऊ कसा आहे, मी सांगायचे, अगदी साधा, त्याच्या मनात काही राहत नाही. बाबांच्या मित्राला माझ्याआधी कळावं?

पहिली पत्रिका देवीला ठेवायची म्हणून ५ जूनला आम्ही दोघं वणीला गेलो, आईनेच मुद्दाम दोघांना पाठवलं असणार. आताची ट्रॉली तेव्हा नव्हती, ती २०१८ ला सुरू झाली, तेव्हा पायऱ्या चढूनच जायचं. निम्म्यावर तो बसला, ॲसिडिटी होतीच. मी पुढे जाणार होते, पण पाण्याची बाटली माझ्याकडे होती. बाटली देताना मी विचारलं, का नाही सांगितलंस.

तो म्हणाला, "ताई, तुला सांगितलं असतं तर तू करून टाक म्हणाली असतीस."

"मग?"

"मग घरात सगळं तुझ्यावर आलं असतं. की हिला माहीत होतं, हिने फूस दिली, हिचंच जमत नाही म्हणून. मला ते नको होतं."

मी काही बोलले नाही. कारण ते खरं होतं आणि तरी मला पटत नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. माझ्या भल्यासाठी मला बाजूला ठेवलं, हे वाक्य घरातला कुणीही कुणाला सांगू शकतो आणि समोरच्याला त्यावर काही उत्तर देता येत नाही. पण एक झालं, राग होता तो गेला. उरली ती कटकट, ती काय असतेच. वर जाऊन पत्रिका ठेवली, खाली येऊन त्याने दोन उसाचे रस घेतले, ॲसिडिटी असताना.

लग्न छान झालं. आभाळ भरून आलेलं, पण पडला नाही. कुजबुज अर्थात होती, मनमाडकडच्या एका मावशींनी मला हात धुताना हळूच विचारलं, काही गडबड तर नाही ना? एवढी घाई म्हणजे बायका बोटांवर महिने मोजायला लागतात. मोजणाऱ्यांची निराशा झाली, माझी भाची झाली २०१८ ला.

खरी गोष्ट घडली रात्री, गृहप्रवेशाला. माप ठेवलेलं, आई औक्षणाचं ताट घेऊन उभी, आणि काकू ओरडली, अगं करवली कुठे, दार अडव की! आपल्याकडे नवऱ्याची बहीण दार अडवते आणि भावाला म्हणते, तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, तो हो म्हणाला की सोडायचं. मी करवलीच्या मानाची साडी नेसून दारात हात आडवा लावला. आणि मागून कुणीतरी, कोण ते मला आवाजावरून कळलं पण सांगत नाही, म्हणालं, "ही कुणासाठी मागणार?" दोघी-तिघी हसल्या. वाईट हेतूने नाही. थकलेली माणसं कशालाही हसतात.

मला डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी धाकट्याकडे बघून म्हटलं, "मुलगी बिलगी राहू दे. पुढच्या वेळी मला आधी सांगशील का?" तो म्हणाला, सांगीन. नवीन भावजय खाली मान घालून हसत होती, तिने मान वर केली आणि म्हणाली, "मी सांगेन ताई." मी हात काढला.

लग्नानंतर ती नोटीस तशीच राहिली आणि तीन महिन्यांनी आपोआप मेली. नोंदणी आम्ही महापालिकेच्या विभागीय कार्यालयात केली, महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे, नमुना ड, दोघांचे फोटो, तीन साक्षीदार, गुरुजींची सही, लग्नापासून ९० दिवसांच्या आत. साक्षीदारांत एक मी.

इथपर्यंत हिशोब जमेच्या बाजूला. आता खर्चाची बाजू, जी कुठल्याच यादीत नव्हती.

संगमनेरवाल्यांचा जुलैत निरोप आला की आमची पसंती आहे, डिसेंबरमधे धरू. आई आनंदली, पण दुसऱ्याच दिवशी काकूचा फोन. काकूने म्हणे त्यांच्या मध्यस्थांना आपण होऊन सांगून टाकलं होतं की ह्यांच्याकडे सिंहस्थ कडक पाळतात, आत्ताच मुलाचं घाईने केलं ते त्यासाठीच, आता पुढच्या ऑगस्टपर्यंत काही करणार नाहीत. आता आई काय बोलणार? नाही म्हणावं तर मग जूनमधली घाई कशाची होती ते सांगावं लागणार. मी आईला म्हटलं की संगमनेर तर गोदावरीच्या दक्षिणेला, प्रवरेवर, तिकडे लग्न केलं तर गुरुजींच्याच हिशोबाने काही बंधन नाही. आई म्हणाली, "मला माहीत आहे गं." आणि गवारीच्या शिरा काढत बसली. संगमनेरवाले एक महिना थांबले. तेरा महिने कोण थांबतं.

मला दुःख झालं का? झालं, पण मुलाचं नाही. आईने रात्रीत एक कारण शोधून एका मुलाची अब्रू वाचवली आणि त्या कारणात दुसरं मूल अडकलं, आणि हे तिला फोन ठेवताना कळलं होतं की नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझा अंदाज, कळलं होतं. दोन पोरांतल्या ज्याचं आत्ता जळतंय त्याच्यावर तिने आधी पाणी ओतलं. मी तिच्या जागी असते तर वेगळं केलं असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. बाबांना मात्र मी ह्यात सोडत नाही, कारण खरं सांगून टाकू असं म्हणायची ताकद घरात फक्त त्यांच्याकडे होती आणि ते पेपर वाचत बसले.

त्या तेरा महिन्यांचं मी काय केलं तर प्रमोशनची परीक्षा दिली, बदली घेतली, धुळ्याला. चार वर्षांत पहिल्यांदा रविवारी सकाळी कांदेपोह्यांचा वास घरात नव्हता आणि सांगायला कारण तयार होतं, सिंहस्थ आहे हो. कुणी पुढे विचारायचंच नाही. एवढं चांगलं वर्ष मला परत मिळालं नाही, हे आईला सांगितलेलं नाही. ११ ऑगस्ट २०१६ ला झेंडा उतरला आणि त्याच संध्याकाळी काकूचा धुळ्याला फोन, तीन स्थळं आहेत बघ. माझं लग्न झालं २०१९ ला, रजिस्टर पद्धतीने. नोटीस द्यायच्या आदल्या रात्री मी धाकट्याला फोन केला होता. तो म्हणाला बोर्डावर लागायच्या आत आईला सांग, मी जेवणाआधी येतो. तीन साक्षीदारांत एक तो.

आता हे लिहायला बसले त्याला निमित्त वेगळंच. गेल्या रविवारी काकू आली होती पेढे घेऊन. तिच्या नातवाचं, म्हणजे आमच्या चुलतभावाच्या मुलाचं ठरलं. मुलगी बेंगलोरला, सुट्टी डिसेंबरातच मिळणार, त्यामुळे लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आई सहज म्हणाली, अहो पण सिंहस्थ?

काकूने पेढ्याचा डबा पुढे सरकवला. "ते सगळं लोकांनी वाढवलेलं गं. पंचांगातच अपवाद दिलेत. आणि आपला हॉल सिडकोत आहे, नदीच्या त्या अंगाला."

आई माझ्याकडे बघत होती. मी पेढा घेतला.